बिशपच्या सहीशेजारी दुसरी सही

इंदूरकर ख्रिश्चन कॉलेजची ओळख ‘किशोरकुमारचं कॉलेज’ अशी करून देतात. १८८७ साली ते काढणाऱ्या कॅनडाच्या मिशनचा कारभार कसा चाले, हे मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. ही मंडळी प्रेस्बिटेरियन. १८७७ मध्ये माळव्यात आली, आणि त्यांच्यात बिशप नावाचा कुणी नव्हता. सगळे पाळक एका दर्जाचे; निर्णय पाळकांनी आणि मंडळीने निवडलेल्या वडिलांनी मिळून घ्यायचे. त्याच शहरात गोऱ्यांचं व्हाइट चर्च होतं अँग्लिकनांचं. त्यांच्यावर बिशप असे, आणि १९०३ पासून त्याचं पीठ होतं नागपूरला.

पुढे नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सहा चर्चसंघ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं. बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली होती. चाळीस वर्षांत जे मुद्दे सुटता सुटत नव्हते, त्यांतला एक होता दीक्षेचा: ज्याच्या डोक्यावर बिशपचा हात पडला नाही, तो पाळक पुरा पाळक मानायचा का? अखेर एकीकरणाच्या विधीत वेगवेगळ्या परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा, असं ठरलं. काहींनी याला पळवाट म्हटलं. मला तो शहाणपणा वाटतो. तेव्हापासून माळव्यातल्या जुन्या प्रेस्बिटेरियनांनाही बिशप, प्रेस्बिटर (म्हणजे पाळक) आणि डीकन (म्हणजे सेवक) अशा तीन पायऱ्या आहेत.

हा वाद मिशनऱ्यांनी सोबत आणला, पण त्याचं मूळ फार जुनं. इसवी सन ११०च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस बजावत होता की बिशपला वगळून काही करू नका. उलट चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलेला धर्मपंडित जेरोम एका पत्रात विचारतो: दीक्षा देणं सोडलं, तर बिशप असं काय करतो जे प्रेस्बिटर करत नाही? कॅनडाच्या मिशनऱ्यांना हे पत्र आवडलं असणार.

जेरोमचा खरा राग होता रोमच्या डीकनांवर. २५१ च्या सुमाराचं रोमच्या बिशपचं, कॉर्नेलियसचं, एक पत्र टिकून आहे. त्यात ४६ प्रेस्बिटर आणि डीकन फक्त ७, अशी नोंद आहे. शिवाय मंडळीच्या मदतीवर जगणाऱ्या विधवा आणि गरजू १,५००हून अधिक. हे दानधर्माचं काम डीकनांकडे. पैसा त्यांच्या हातून वाटला जाई, बिशपचा कान त्यांच्याजवळ असे, आणि संख्या मोजकी. दर्जाने खालचे, वजनाने वरचे! आपल्याकडे साहेबांपेक्षा साहेबांच्या पीएला लोक जास्त भितात, तसंच हे. ३२५ च्या निकिया परिषदेला एक सबंध नियम यासाठी खर्चावा लागला: डीकनांनी प्रेस्बिटरांना प्रभुभोजन वाटू नये, आणि त्यांच्यात जाऊन बसूही नये.

त्याच परिषदेने बिशपलाही मोकळं सोडलं नाही. नवा बिशप नेमायचा तर किमान तीन बिशप प्रत्यक्ष हजर हवेत, बाकीच्यांची लेखी संमती हवी. दीक्षेचा विधी सांगणाऱ्या ‘अपोस्टोलिक ट्रॅडिशन’ या पुस्तकात हाच हिशेब हातांचा आहे. बिशपला निवडतात लोक, पण हात ठेवतात बिशप. प्रेस्बिटरला दीक्षा देताना बिशपबरोबर इतर प्रेस्बिटरही हात लावतात. डीकनवर एकट्या बिशपचा हात, कारण तो बिशपच्या सेवेसाठी.

सीरियातल्या तिसऱ्या शतकातल्या ‘डिडास्कालिया’त मला सगळ्यांत आवडणारा नियम आहे. मंडळीतले तंटे बिशपने सोमवारी ऐकावेत, म्हणजे रविवारच्या उपासनेपर्यंत समेटाला आठवडा मिळतो. वकिलांनी हेवा करावा अशी ही तारीख! उपासनेत एखादा गरीब म्हातारा आला आणि जागा नसेल, तर बिशपने आपली जागा त्याला द्यावी, वेळ पडल्यास स्वतः जमिनीवर बसावं, हेही तिथेच लिहिलं आहे.

तीन पायऱ्यांची ही सारी मांडणी देवळातल्या मानापानाची वाटते खरी. पण तिच्यामागे दुसरी एक चिंता सतत दिसते: एकट्या माणसाच्या हाती सगळं जाऊ नये. अंत्युखियाच्या परिषदेच्या नियमांप्रमाणे चर्चची मालमत्ता कोणती आणि बिशपची खासगी कोणती, हे त्याच्या प्रेस्बिटर-डीकनांना ठाऊक असायलाच हवं. नाहीतर तो गेल्यावर दोन्हींचा घोळ होतो. ४५१ मध्ये कॅल्सेडॉन परिषदेने हे आणखी घट्ट केलं: जिथे बिशप आहे तिथे धर्मसेवकांमधला एक कारभारी नेमलाच पाहिजे, म्हणजे व्यवहार साक्षीदाराविना होणार नाही. आपल्याकडे चर्चच्या जमिनींचे वाद कोर्टात जातात तेव्हा या नियमाची आठवण कुणी काढत नाही, हे नवल.

कॅथलिकांनी कारभाऱ्याचा हा नियम पुढे चालवला. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक बिशपने पाच वर्षांसाठी अर्थकारभारी नेमायचा असतो आणि निदान तिघांची वित्त परिषद ठेवायची असते. प्रत्येक पॅरिशलाही तशी समिती बंधनकारक आहे. १९५२ मध्ये धर्मप्रांताचा दर्जा मिळालेल्या इंदूरलाही हेच लागू. चर्च कुठलंही असो, वार्षिक सभेत हिशेबाच्या कागदावर सह्या किती आहेत, तेवढं नक्की पाहा.