रजोनिवृत्ती आणि प्रयोगशाळेची साक्ष

पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची एखादी गृहिणी किंवा शिक्षिका रात्री दोन-तीनदा घामाने भिजून जागी होऊ लागते. दिवसा बोलता बोलता चेहऱ्यावर एकाएकी उष्णतेची लाट येते, छाती धडधडते. आणि जी पाळी पूर्वी ठरल्या दिवशी येत असे, ती कधी तीन आठवड्यांनी तर कधी दोन महिन्यांनी येते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणतात, "वय झाले, असेच चालायचे." शेजारीण सांगते, "एकदा रक्त तपासून घ्या, म्हणजे काय ते कळेल." या दोन्ही सल्ल्यांत थोडे सत्य आहे आणि थोडी गफलतही आहे. रक्ताची तपासणी या काळात स्त्रीच्या फार उपयोगी पडू शकते. परंतु ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे आधी ठाऊक असावे लागते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

शरीरात काय घडते

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचे दोन बीजकोश असतात. मुलगी जन्मास येते तेव्हाच त्यांत सुमारे १० ते २० लाख बीजे असतात. ती वयात येईपर्यंत त्यांपैकी ३ ते ४ लाख उरतात, आणि साऱ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडणारी बीजे चार-पाचशेच असतात. बाकीची आपोआप विरून जातात. बीजांचा हा साठा संपत आला की बीजकोशांतून स्रवणारे ईस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवास निरोप पोचविणारे रसायन होय.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी असते. बीजांची वाढ घडविणारे एक संप्रेरक ती रक्तात सोडते. प्रयोगशाळेच्या व्यवहारात त्यास 'एफ.एस.एच.' असे म्हणतात. बीजकोश कार्यक्षम असतात तोवर त्यांची संप्रेरके या ग्रंथीस आवर घालतात. बीजकोश थकले म्हणजे हा आवर सुटतो, आणि पोष ग्रंथी जणू अधिक मोठ्याने हाका मारू लागते. रजोनिवृत्तीनंतर रक्तातील एफ.एस.एच. पूर्वीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक वाढलेले आढळते, ते यामुळेच.

मोजमापाची कथा

ही हाक माणसाने प्रथम ऐकली ती रक्तात नव्हे, मूत्रात. बर्लिनमधील झेल्मार आशहाइम व बेर्नहार्ड झोंडेक यांनी १९२७ च्या सुमारास गर्भवती स्त्रियांचे मूत्र उंदरांच्या लहान माद्यांना टोचून पाहिले, तेव्हा त्या माद्यांचे बीजकोश अकाली जागे झाले. पुढे झोंडेक यांना असे दिसले की, रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातही बीजकोशांना चेतविणारे द्रव्य असते. १९४९ मध्ये इटलीतील पिएरो डोनिनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे औषधासाठी त्या देशातील मठांत राहणाऱ्या वृद्ध जोगिणींचे मूत्र गोळा करण्यात येऊ लागले. या औषधाच्या साहाय्याने पहिले मूल १९६२ मध्ये इस्राएलमध्ये जन्मास आले. ज्या लक्षणास ऱ्हासाची खूण मानीत, त्यातूनच अपत्यहीन स्त्रियांना मातृत्व लाभले.

उंदरांवरील परीक्षेस दिवस लागत आणि तिचे उत्तर ढोबळ असे. न्यूयॉर्क येथील सॉलोमन बर्सन व रोझलिन यॅलो यांनी १९५९-६० मध्ये किरणोत्सर्गी मूलद्रव्याच्या साहाय्याने रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची पद्धती सिद्ध केली. रक्तातील संप्रेरक आणि किरणोत्सर्गाची खूण केलेले संप्रेरक यांची प्रतिपिंडाशी जोडले जाण्यासाठी स्पर्धा लावावयाची आणि खूण किती शिल्लक राहिली ते मोजावयाचे, हे तिचे तत्त्व. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या यंत्रांत किरणोत्सर्गाऐवजी बहुधा प्रकाशाची खूण वापरतात, पण प्रतिपिंडाने संप्रेरक ओळखण्याची युक्ती तीच आहे.

एका आकड्याची मर्यादा

असे अचूक माप हाती असता डॉक्टर पंचेचाळिशीनंतरच्या स्त्रीस पुष्कळदा ही तपासणी करावयास सांगत नाहीत, याचे वाचकांस नवल वाटेल. कारण असे की, रजोनिवृत्तीकडे जाणारा मार्ग उतरणीसारखा सरळ नसतो. बीजकोश एका महिन्यात स्वस्थ राहतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कामास लागतात. त्यामुळे आज फार वाढलेले एफ.एस.एच. सहा आठवड्यांनी पूर्वपदावर आलेले दिसू शकते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास तर हा आकडा निरर्थकच ठरतो. या वयात निदान होते ते दिनदर्शिकेवरून. अन्य कारण नसताना सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. आणि ते नेहमी मागे वळून पाहतानाच कळते. वाढलेल्या आकड्यावर विसंबून संततिनियमनही थांबवू नये. पन्नाशीपूर्वी शेवटची पाळी आली असल्यास पुढे दोन वर्षे, व पन्नाशीनंतर आली असल्यास एक वर्ष काळजी घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. पाळी चुकलेल्या बेचाळीस वर्षांच्या स्त्रीची पहिली तपासणी म्हणून गर्भधारणेचीच करणे शहाणपणाचे ठरते.

जेथे तपासणी निर्णायक ठरते

चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही. अशा स्त्रीचे एफ.एस.एच. लिटरमागे २५ एककांहून अधिक असेल, तर बीजकोश अकाली थकले असण्याचा संभव असतो. शंका राहिल्यास चार ते सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. येथे प्रश्न केवळ अपत्याचा नसतो. ईस्ट्रोजेनचे छत्र लवकर हरपल्यामुळे हाडे व हृदय यांना पुढील अनेक वर्षे धोका पोचतो. म्हणून विशेष अडचण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके औषधरूपाने देतात.

ज्या स्त्रीचे गर्भाशय काढून टाकले आहे तिची गोष्ट याहून निराळी. तिला पाळी येणारच नसते. म्हणून दिनदर्शिकेचा आधारही उरत नाही. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असतील, तर रजोनिवृत्ती त्याच दिवसापासून सुरू होते. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांमध्ये अशा शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे उघडकीस आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने चौकशी समिती नेमली; त्या स्त्रियांपैकी अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. अशा स्त्रीने शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत आणि बीजकोश राहिले आहेत की नाहीत हे विचारून घ्यावे. राहिले असतील तर ते अद्याप काम करतात काय, याचा उलगडा रक्तच करू शकते.

लक्षणांआड दडलेले विकार

या वयातील तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग रजोनिवृत्ती सिद्ध करण्यात नसून, तिच्या नावाखाली लपलेले दुसरे आजार शोधण्यात आहे. छातीत धडधड, घाम, निद्रानाश ही अवटु ग्रंथी अतिरेकाने काम करू लागल्याचीही लक्षणे होत. सुस्ती, वजनवाढ व उदासपणा ही ती मंदावल्याची. 'टी.एस.एच.' या एका तपासणीने बहुधा हा गुंता सुटतो.

दुसरा विकार रक्तक्षयाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाळी जाण्यापूर्वीच्या काळात रक्तस्राव पुष्कळदा वाढतो, आणि आधीच रिती असलेली लोहाची शिदोरी अधिकच रिती होते. जिना चढताना लागणारी धाप हा वयाचा परिणाम समजून कित्येकजणी सोसत राहतात. दर १०० मिलिलिटर रक्तात हीमोग्लोबिन १२ ग्रॅमहून कमी असेल तर तो रक्तक्षय होय. आणि तो बरा होण्याजोगा असतो.

तिसरा विकार मधुमेहाचा. उपाशीपोटी साखर दर १०० मिलिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारे एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक, ही त्याची सीमा होय. लोहाच्या अभावी हा दुसरा आकडा खोटा वाढू शकतो. म्हणून दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचावे लागतात. रजोनिवृत्तीनंतर रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉलही वाढू लागते. त्याचे माप व रक्तदाब यांची नोंद ठेवणे हितावह असते.

हाडांचे मोजमाप

शेवटच्या पाळीच्या आगेमागे काही वर्षे हाडांची झीज सर्वांत वेगाने होते, आणि ती मुळीच दुखत नाही. मंद क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजून निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीशी तिची तुलना करतात. उणे २.५ किंवा त्याखालील गुणांकास अस्थिसुषिरता म्हणावे, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिला. ही तपासणी सरसकट प्रत्येकीस लागत नाही. मात्र पाळी लवकर गेलेली, किरकोळ पडण्याने हाड मोडलेली, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेली किंवा आईच्या मांडीचे हाड मोडलेले असलेली स्त्री असेल, तर ती लवकर करून घ्यावी.

न चुकता तपासावा असा रक्तस्राव

एक वर्ष पाळी बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी डागाएवढे जरी दिसले, तरी ते पाळी परत आल्याचे लक्षण मानू नये. दहांपैकी सुमारे नऊ स्त्रियांत त्याचे कारण साधे असते. उरलेल्या एखादीत मात्र गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असू शकतो. ध्वनिलहरींच्या साहाय्याने अस्तराची जाडी पाहणे आणि आवश्यक तर त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हा त्याचा मार्ग. लवकर सापडलेला हा रोग बहुधा पूर्ण बरा होतो. संकोचापायी गमावलेले सहा महिने मात्र परत मिळत नाहीत.

तपासणीस जाताना

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी वहीत शेवटच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, त्रासाचे स्वरूप आणि चालू औषधे लिहून न्यावीत. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचाही त्यांत उल्लेख करावा. काही यंत्रांची मांडणी बायोटिनवरच आधारलेली असल्याने अवटु ग्रंथीचे व इतर संप्रेरकांचे आकडे त्यामुळे चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तशी सूचना दिली होती. या गोळ्या तपासणीपूर्वी किती दिवस थांबवाव्यात, हे डॉक्टरांना विचारावे. उष्णतेच्या लाटांसाठी औषध घेतल्यास त्याचे प्रमाण बहुधा रक्तातील आकड्यावरून नव्हे, तर स्त्रीला किती आराम पडला यावरून ठरते, हेही ध्यानात असू द्यावे.

रजोनिवृत्ती हा रोग नव्हे. तो आयुष्याचा एक टप्पा आहे, आणि त्यानंतर आयुष्याचा सुमारे एकतृतीयांश भाग उरलेला असू शकतो. घरातील कोणी स्त्री "मला अलीकडे बरे वाटत नाही" असे म्हणाली, तर तिला वयाचे उत्तर देऊन गप्प बसवू नये आणि भरमसाट तपासण्यांच्या यादीनेही घाबरवू नये. तिच्याजवळ बसून तारखांची वही लिहावी, आणि ती वही घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.