मुंबई-नागपूर : अंतर मोजायचे कोणाच्या पायाने?

मुंबई ते नागपूर किती लांब? प्रश्न सोपा वाटतो. पण उत्तर कोण देतो, त्यावर ते बदलते.

विमानाने जाणारा सांगेल, सुमारे ६८० किलोमीटर, वेळ दीड तास. ताशी आठशे किलोमीटरचा वेग धरला तर एवढे अंतर पन्नास-बावन्न मिनिटांत तुटले पाहिजे. मग उरलेला वेळ जातो कोठे? तो विमान धावपट्टीपर्यंत नेण्यात, वर चढवण्यात आणि खाली उतरवण्यात जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमाने आकाशात घिरट्या घालतात. विमानतळावर आधी पोचायचा वेळ वेगळाच.

रेल्वेने जाणारा सांगेल, ८३७ किलोमीटर. इंग्रजांनी कसाऱ्याचा घाट चढून, भुसावळवरून वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखातून नागपूरपर्यंत रूळ नेले. १८६७ साली गाडी नागपूरला पोचली. रूळ कापसासाठी वळले, माणसासाठी नव्हे! आजही दुरांतोला सुमारे अकरा तास लागतात, विदर्भ एक्स्प्रेसला सुमारे चौदा.

मोटारवाला सांगेल, समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, आठ तास. ५ जून २०२५ रोजी हा रस्ता पूर्ण खुला झाला. पण दुचाकी आणि तीनचाकीला त्यावर प्रवेश नाही. म्हणजे ज्याच्याजवळ मोटार आहे, नागपूर फक्त त्याच्याच जवळ आले.

आता चौथ्या माणसाला विचारा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येण्यासाठी विदर्भातून निघालेल्या म्हाताऱ्या आईला विचारा. पदरात भाकरीची शिदोरी, हातात नातवाचा हात, आणि जनरल डब्यात संडासाशेजारी पाय ठेवण्यापुरती जागा. तिच्यासाठी हे अंतर किलोमीटरमध्ये नाही, उभ्याने काढलेल्या रात्रीत आहे. तिच्याच भक्कम पायांवर चळवळ उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

२००५ साली नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव दिले गेले. त्याचा आनंद आहेच. पण त्या नावाच्या दारातून आत जाणे ज्या माणसाला परवडत नाही, त्याचे काय? मागणी वाढली की विमानाचे भाडे चढते. दुरांतोलाही २०१६ पासून हाच न्याय लावला आहे. जागा भरत जातील तसतसे भाडे वाढते. श्रद्धेच्या दिवशी गर्दी होणार, हे सर्वांनाच ठाऊक असते. मग त्या गर्दीचा भार गरिबाच्याच खिशावर का?

रेल्वे या दिवसांत जादा गाड्या सोडते, ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्या महिनाभर आधी जाहीर व्हाव्यात, त्यांना जनरल डबे जास्त असावेत आणि परतीच्या गाड्याही तितक्याच असाव्यात. यात दान काही नाही. तिकीट काढणाऱ्या नागरिकाचा तो हक्क आहे.

आपणही एक करावे. आपल्या वस्तीतून यंदा किती जण जाणार, त्यांची यादी आतापासून करावी आणि तिच्यासह निवेदन आपल्या स्थानकाच्या अधिकाऱ्याकडे द्यावे. आकडा कागदावर आला की व्यवस्थेला तो नाकारता येत नाही.

दीड तास आणि चौदा तास यांतील फरक वेगाचा नाही, ऐपतीचा आहे. तो कमी करणे हेच खरे अंतर कापणे!