मजले वाढतात, नळ तेवढाच

ठाणे, कल्याण, डोंबिवली, मीरा-भाईंदर यांपैकी कोणत्याही शहरात रविवारी सकाळी चक्कर मारा, एक वाक्य हमखास कानावर पडते : 'आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चालली आहे.' त्यापाठोपाठ येणारा शब्द म्हणजे एफएसआय. तो सगळेच वापरतात. पण नेमका अर्थ विचारला, तर 'तो वाढला की जागा जास्त मिळते' इथेच गाडी थांबते.

सरकारी मराठीत त्याला 'चटईक्षेत्र निर्देशांक' असे भारदस्त नाव आहे. गोष्ट साधी आहे. भूखंड १००० चौरस मीटरचा आणि एफएसआय १ असेल, तर सगळ्या मजल्यांचे मिळून बांधकाम १००० चौरस मीटर. एफएसआय ३ झाला की तेच ३००० चौरस मीटर. इमारत किती उंच, तिच्यात माणसे किती, हे हा आकडा सांगत नाही. तो फक्त जमिनीच्या किती पट बांधायचे तेवढेच सांगतो.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकच विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार ठाण्यासारख्या शहरात दाट गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१ आहे. त्याच्यावर दोन थर चढतात. एक प्रीमियमचा, म्हणजे शुल्क भरून विकत घेतलेला. दुसरा टीडीआरचा. तुमची जमीन रस्त्यासाठी किंवा बागेसाठी गेली, तर रोख मोबदल्याऐवजी बांधकाम हक्काचे प्रमाणपत्र मिळते. ते विकता येते आणि घेणारा आपल्या भूखंडावर वापरतो. बाग एका भागात होते, तिच्या बदल्यातले मजले दुसऱ्या भागात चढतात. हे थर किती चढवायचे हे ठरते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर थर जवळपास नाहीतच. ३० मीटर किंवा अधिक असेल तर बेरीज ३ पर्यंत जाते. जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी त्यावर आणखी ६० टक्के मिळतात.

रस्त्याची रुंदी पाहणे योग्यच. अग्निशमनाची गाडी आत आली पाहिजे, वाहने वळली पाहिजेत. पण हा तक्ता रस्त्याखालच्या जलवाहिनीचा व्यास विचारत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

आपल्या १००० चौरस मीटरवर ५० चौरस मीटरची घरे धरली, तर पूर्वी २० कुटुंबे राहत होती. तिप्पट बांधकामात ६० येतात. घरटी पाच माणसे आणि शहरी पाणीपुरवठ्यासाठी धरले जाणारे माणशी १३५ लिटरचे प्रमाण घ्या. जुन्या इमारतीला रोज १३,५०० लिटर लागत होते, नवीला ४०,५०० लागतील. वाढलेले २७,००० लिटर म्हणजे दहा हजारी टँकरच्या जवळजवळ तीन खेपा, रोज. ही झाली एक इमारत. गल्लीत अशा दहा असतात.

ठाण्याची लोकसंख्या १९९१ मध्ये आठ लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती साडेबारा लाखांच्या वर गेली आणि २०११ मध्ये १८ लाख ४१ हजार झाली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढची वाढ अंदाजाने मोजावी लागते. या शहराच्या मालकीचे एकही धरण नाही. भातसा नदीवरची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार दारांतून पाणी गोळा होते. घोडबंदर रस्त्यावर संकुले उभी राहिली आणि त्यांच्या दारात टँकर उभे राहिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०१७ मध्ये तिथल्या नव्या बांधकामांना काही काळ मनाई झाली. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत त्याआधी, २०१५ मध्ये, घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून न्यायालयाने नव्या परवानग्या साधारण वर्षभर रोखल्या होत्या. दोन्हीकडे इमारतींच्या नकाशांत खोट नव्हती. पाणी आणि कचरा यांची सोय मागे राहिली होती.

यावरून कोणी 'दाटी वाईट' असा निष्कर्ष काढला तर तो मला पटत नाही. विखुरलेल्या शहरात बस परवडत नाही, वाणी आणि दवाखाना चालत गाठता येत नाही, आणि शेती व डोंगर वस्तीखाली जातात. दाटी म्हणजे टॉवरच, असेही नाही. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज वसवले. साधारण सहा हेक्टरवर साडेपाचशेच्या आसपास घरे, सगळी बैठी किंवा एकमजली. सातेक घरांना एक सामाईक अंगण, अशा तीन अंगणांना मिळून एक मोठे अंगण. प्रत्येक घर स्वतंत्र भिंतींचे, म्हणजे कुटुंब वाढले की शेजाऱ्याला न विचारता वाढवता येणारे. ते लोकांनी इतके मनावर घेतले की आज मूळ घरे शोधावी लागतात! दर हेक्टरी सुमारे ५०० माणसे, आणि तरी पायाखाली जमीन. अर्थात ठाण्यातल्या आजच्या जमिनीच्या भावात हे जमणार नाही, हेही खरे.

दाटीबरोबर पाण्याची सोय व्हावी, तर खर्च करणाऱ्याला घाई असायला हवी. इथे महापालिकेची अडचण होते. प्रीमियम आणि विकास शुल्क ही तिच्या उत्पन्नाची मोठी बाजू आहे. परवानगी दिली की पैसे लगेच येतात. जलवाहिनी टाकायला वर्षे लागतात. मधला काळ हमीपत्राने भरून निघतो. पुण्याभोवतीच्या नव्या वस्त्यांत 'महापालिकेचे पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू' अशी हमीपत्रे बिल्डरांकडून घेतली गेली. सोसायटी स्थापन झाली की टँकरचे बिल मात्र बहुधा सभासदांच्या देखभाल खर्चात येऊन बसते.

पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालचे जुलै २०१९ चे निर्देश आहेत. बिल्डर निवडताना एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि त्याआधी वास्तुविशारद किंवा सल्लागाराकडून व्यवहार्यता अहवाल घ्यावा लागतो. सभेत त्या अहवालातली चटई, कॉर्पस आणि भाडे यांचीच पाने चाळली जातात. पाण्याचे पानही मागून घ्या. सध्याची जोडणी किती इंची आहे? वाढीव जोडणी मंजूर आहे की हमीपत्रावर? जमिनीखालच्या टाकीत किती दिवसांचा साठा राहील? टँकर लागले तर घरटी महिन्याला किती बसतील? करारावर सह्या होण्याआधी विचारले तर बिल्डर उत्तर देतो. ताबा मिळाल्यावर तो कमिटीकडे बोट दाखवतो. सध्याच्या जोडणीची माहिती महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात लेखी अर्ज करून मागता येते. तिथे टोलवाटोलवी झाली, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.