जीपच्या झडपांचा आवाज

डोंगरवाटांनीं व ओढ्यानाल्यांतून धांवणाऱ्या जीपचें इंजिन तालावर टकटक करूं लागलें कीं मालक घाबरा होतो. परंतु प्रत्येक टकटक अरिष्टसूचक नसते. १९४१ पासून विलिज जीपमध्यें बसविलेल्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत झडपा सिलिंडरच्या बाजूस असतात. कॅमदांडा टॅपेट वर ढकलतो व टॅपेट झडप उघडतो. तापल्यावर झडपेचा दांडा लांबतो. म्हणून दोहोंमध्यें फट ठेवावी लागते. युद्धकालीन जीपसाठीं ती थंड इंजिनांत ०.०१४ इंच सांगितलेली आहे. फट वाढली कीं टॅपेट दांड्यावर आदळूं लागतो.

दोष ओळखण्यासाठीं एकेका प्लगची ठिणगी क्षणभर बंद करून पाहावी. आवाज मंदावला, तर दोष बहुधा बेअरिंगचा वा पिस्टनचा. तसाच राहिला, तर झडपेचा संभव अधिक. मग बाजूचें झाकण काढून, इंजिन मंद चालत असतां, एकेका फटींत पातळ पोलादी पट्टी सरकवावी. जेथें आवाज थांबेल, तेथेंच दोष.

इंजिन पूर्ण निवल्यावर, ती झडप मिटलेली असतां, टॅपेटचा स्क्रू फिरवून फट बरोबर करावी. तरीही आवाज राहिला, तर स्क्रूच्या माथ्यावर खळगा पडला आहे काय, स्प्रिंग मोडली आहे काय, हें तपासावें.

मात्र शांततेच्या लोभानें फट अगदींच मिटवूं नये. धूर सोडणारी झडप आपली बरीचशी उष्णता बैठकीवर टेकूनच सोडते. ती नीट टेकली नाहीं, तर जळते. किंचित् टकटक परवडते. जळलेली झडप परवडत नाहीं.