तिथी पाहून अलिबागला

सकाळी मुंबईहून निघावे, दुपारी समुद्रकाठी ताज्या मासळीचे जेवण करावे आणि दिवेलागणीला चार जिन्नस घेऊन घरी परतावे, असा बेत ठरला की पुष्कळांना प्रथम अलिबाग आठवते. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यास बोटीने सुमारे तासाभरात पोहोचता येते. तेथून अलिबाग वीसेक किलोमीटर. २०२० पासून मोटारी वाहून नेणारी रो-रो बोटही सुरू झाली. जाणे इतके सुलभ झाले, की निघण्यापूर्वी पंचांग उघडण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक तेथील ताट आणि बाजार दोन्ही तिथीच्या अधीन असतात.

भरतीचा अदमास घेण्याचा कोकणातील जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. मात्र अष्टमीच्या आगेमागे पाण्याची चढउतार थोडी असते. तिला भांग म्हणतात. डोल हे पिशवीसारखे जाळे एका जागी बांधलेले असते व मासळी त्यात प्रवाहाच्या ओढीनेच शिरते. ओढ मंदावली की बोंबील, जवळा यांची आवक घटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती वाढते. पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि सायंकाळी येत असल्याने कुलाबा किल्ल्यास पायी जाण्याची वेळ अडचणीची होते. पंचमीच्या सुमारास सकाळी दहाच्या आत ओहोटी मिळते आणि ओढही बरीच टिकून असते. किल्ला आणि मासळी दोन्ही हवी असणाऱ्याने तो दिवस धरावा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. त्यामुळे सुक्या मासळीची खरी खरेदी आगोटीपूर्वी, उन्हाळ्यात होते. बोंबील जोडीजोडीने एकमेकांच्या जबड्यात अडकवून मांडवावरील दोऱ्यांवर वाळवलेले दिसतात. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, महाग वाटतात. परंतु सोलताना आणि वाळताना वजन किती उतरते हे ध्यानात घेतले, तर कोळणीशी घासाघीस करणारा हात आपोआप आखडतो. सोडे हाताला दमट लागले तर मात्र घेऊ नयेत.

हिवाळ्यात जाणाऱ्यास मासळीवाचूनही मेजवानी आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी रचतात आणि पाण्याचा थेंबही न घालता मडके जाळात भाजतात. हीच पोपटी. शेंगांना जो वास लागतो तो त्या पाल्याचा. घरच्या शेगडीवर तो साधत नाही.

भाताची कापणी झाल्यावर त्याच शेतांत पांढरा कांदा लावतात. फेब्रुवारी-मार्चपासून त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. तो तिखटाने सौम्य, किंचित गोडसर असतो. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि नावाबरोबर तोतयेही आले: अन्य ठिकाणचा पांढरा कांदा त्याच नावाने खपवला जातो. म्हणून शक्य तर कार्ले-खंडाळ्याकडील शेतकऱ्याच्याच दारी माळ घ्यावी. पात वेणीसारखी गुंफून ती वळण्याचे चिकाटीचे काम बहुधा घरच्या बायका करतात. घरी आणल्यावर माळ पिशवीत कोंडू नये. वाऱ्याच्या जागी टांगावी आणि लागेल तसा खालून एकेक कांदा काढावा.