नेटवर्क कार्डाची निद्रा व ड्रायव्हरचे दायित्व

संगणकाचे झाकण मिटले की तो झोपी जातो व उघडले की जागा होतो, एवढेच वापरणाऱ्यास दिसते. निद्राकाळात मुख्य मेमरीचा विद्युत्पुरवठा चालू असल्यामुळे प्रोग्रॅम जेथे थांबला होता तेथूनच तो पुढे चालू लागतो. नेटवर्क कार्डाची स्थिती मात्र निराळी असते. पुरवठा तुटताच त्याच्या रजिस्टरांतील मजकूर नाहीसा होतो. आणि जागृतीनंतर कार्यप्रणाली ज्या कार्डास सर्व काही ठाऊक आहे असे मानते, त्यास प्रत्यक्षात स्वतःचा पत्ताही आठवत नसतो. हा विसंवाद दूर करण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर येते.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय ह्या मानकात उपकरणाच्या अवस्थांना डी० ते डी३ अशी नावे आहेत. डी० म्हणजे पूर्ण जागृती, डी३ म्हणजे गाढ निद्रा. पीसीआय कार्डांच्या बाबतीत डी३ चेही दोन प्रकार मानतात. एकात मुख्य पुरवठा कायम राहतो व कार्डास सॉफ्टवेअरकरवी परत बोलावता येते. दुसऱ्यात तो पुरवठाच काढून घेतलेला असतो. पहिल्या प्रकारातून परतणारी कार्डेही पुष्कळदा कोरी होऊनच येतात. तेव्हा कार्ड सारे विसरले आहे असे गृहीत धरूनच ड्रायव्हर लिहिणे श्रेयस्कर.

येथे सर्वांत महत्त्व आहे ते अनुक्रमाला. भाईंदर पूर्वेकडील केबिन रोडच्या नावात जो शब्द आहे, त्याचा रेल्वेच्या परिभाषेतील अर्थ ह्या संदर्भात उद्बोधक ठरेल. सिग्नलच्या केबिनमधील खटके परस्परांशी असे जखडलेले असतात की, सांधा योग्य जागी बसून कुलूपबंद झाल्यावाचून सिग्नल गाडीस वाट देऊ शकत नाही. आणि सिग्नल पुन्हा धोक्यावर नेल्यावाचून सांधा हलविता येत नाही. ड्रायव्हरनेही निद्रेपूर्वी प्रथम सिग्नल धोक्यावर न्यावयाचा असतो. म्हणजे असे की, यापुढे पॅकेटे पाठवू नयेत हे त्याने कार्यप्रणालीच्या नेटवर्क विभागास कळवावे. नंतर कार्डाचे मेमरीत थेट लिहिणे, म्हणजे डीएमए, थांबवावे. मग इंटरप्ट बंद करावेत. आणि सर्वांत शेवटी पुरवठा उतरवावा. केबिनमध्ये चुकीचा खटका ओढला जाऊ नये ह्याची काळजी लोखंडच घेते. ड्रायव्हरमध्ये ही काळजी पुष्कळशी लेखकालाच घ्यावी लागते.

डीएमए थांबविण्यात कसूर झाल्यास काय होते, हे हायबरनेशनच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. त्या प्रकारात मेमरीची प्रतिमा डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण बंद करतात. पुन्हा सुरू करताना एक तात्पुरती कार्यप्रणाली उठते, ती प्रतिमा मेमरीत आणते व सूत्रे तिच्या स्वाधीन करते. ह्या संक्रमणकाळात कार्ड शांत केलेले नसेल, तर बाहेरून आलेले एखादे पॅकेट ते आपल्या जुन्या समजुतीप्रमाणे अशा पानावर लिहील की, जेथे आता अन्य कोणाचा मजकूर आहे. दोष तत्काळ दिसत नाही. कित्येक तासांनी एखादी भलतीच फाइल बिघडलेली आढळते, आणि संशय नेटवर्क कार्डाकडे सहसा जात नाही.

जागृतीचा मार्ग उलट दिशेचा, पण अधिक कष्टाचा आहे. कार्डाचा पत्ता, पॅकेटांची कमाल लांबी, मल्टिकास्टचे गाळणे, वर्णकांची वलये हे सारे पुन्हा भरावे लागते. तारेच्या दुसऱ्या टोकाशी वेगाची बोलणी नव्याने व्हावी लागतात. त्यांस काही सेकंद लागू शकतात, व तेवढा वेळ इतरांना खोळंबून ठेवणे इष्ट नसते.

लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरांत पीसीआयची रजिस्टरे जतन करणे व अवस्था बदलणे हे कामही प्रत्येक लेखक स्वतःच करीत असे. एकाचा मजकूर दुसऱ्याने उतरवून घ्यावा आणि त्यातील चुकाही सोबत घ्याव्यात, असा प्रकार चाले. पुढे ते काम कार्यप्रणालीच्या पीसीआय विभागाने स्वतःकडे घेतले, आणि २०२० साली अनेक नेटवर्क ड्रायव्हरांतून ही जुनी पद्धत काढून टाकण्यात आली. ड्रायव्हरकडे आता त्या कार्डापुरते विशेष असे काम उरते. ही विभागणी योग्यच म्हटली पाहिजे.

झोपलेल्या यंत्रास दुरून उठविण्याची सोय ह्याहून चमत्कारिक आहे. सहा बाइट सर्व एक, व त्यापुढे कार्डाचा पत्ता सोळा वेळा, असा १०२ बाइटांचा मजकूर कार्डाने ओळखावयाचा असतो. तंत्रज्ञांनी त्यास ‘जादूचे पॅकेट’ असे बाळबोध नाव दिले आहे. त्यासाठी कार्डाचा काही भाग जागाच ठेवावा लागतो, म्हणून काही ड्रायव्हर निद्रेपूर्वी तारेचा वेग मुद्दाम उतरवितात.

डिसेंबर २००९ च्या २.६.३२ ह्या आवृत्तीपासून लिनक्समध्ये यंत्र जागे असतानाच एखादे रिकामे उपकरण झोपविण्याची व्यवस्था आली. तार काढलेल्या कार्डास तिचा लाभ होतो, परंतु तीत एक पेचही आहे. पुरवठा तुटलेल्या कार्डाचे रजिस्टर वाचू गेल्यास सर्व बिटे १ असलेली संख्या मिळते, आणि बेसावध ड्रायव्हर तीच खरी मानतो. म्हणून वाचण्यापूर्वी कार्डास उठविले जाते. आता विचारणा करणाऱ्याने नेटवर्क विभागाचे कुलूप आधीच धरलेले असेल आणि जागृतीचा मार्गही तेच कुलूप मागत असेल, तर दोघेही कायमचे अडकून पडतात. काही ड्रायव्हरांत असे प्रत्यक्ष घडले, आणि जागृतीच्या मार्गावर ते कुलूप केव्हा घ्यावयाचे ह्याचा विचार त्यांच्या लेखकांना नव्याने करावा लागला.