नवा व्यवसाय, नवे गिऱ्हाईक : लेखांक नववा — नांगर दोन वर्षे का पडून राहिला?

किंमत ठरविण्याचा विषय या आठवड्यात हाती घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु दरम्यान वाळवा तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न इतका मुळाला हात घालणारा निघाला की, त्याचा निकाल लावल्यावाचून किमतीकडे वळणे मला प्रशस्त वाटेना. या गृहस्थांनी लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचे तेल काढण्याचा व्यवसाय आरंभिला आहे. त्यांनी चौकात फलक लावले, वर्तमानपत्रांतून पत्रके वाटली, मोबाइलवर जाहिराती दिल्या. माणसे दुकानात येतात, तेलाचा वास घेऊन मान डोलावतात, एखादी बाटली नेतातही, पण पुन्हा फिरकत नाहीत. ‘माल अस्सल आहे, तेव्हा आता जाहिरातीवरील खर्च दुप्पट करावा काय?’ असा त्यांचा सवाल आहे.

उत्तर त्यांच्या गावाहून फारसे दूर नसलेल्या किर्लोस्करवाडीच्या पूर्वेतिहासात आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर १९१० मध्ये ही वसाहत उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. मला सांगायचे आहे ते त्याआधीचे, बेळगावचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापकाची नोकरी सोडून आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथे बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींच्या व्यापारात होते. पुढे कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी तयार केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर ओतला. नांगर उत्तम होता. लाकडी नांगर जमीन उकरतो. हा नांगर खोल शिरून माती पालथी घालीत असे, आणि काळ्या रानात हरळी-कुंद्याने गांजलेल्या शेतकऱ्याला याहून अधिक काय हवे होते? तथापि पहिले मोजके नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली, कारण लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, असा समज रयतेत रूढ होता.

ही हकीकत सांगताना पुष्कळ लेखक शेतकऱ्याच्या अज्ञानाविषयी चार शब्द बोलून पुढे जातात. मला ते मान्य नाही. ज्याची सारी दौलत वीस-पंचवीस बिघे जमीन एवढीच आहे, आणि जी नासली तर पुढच्या पिढीचेही अन्न तुटणार आहे, त्याने अनोळखी अवजार तिच्यात घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, यात अविवेक कोणता? शिवाय त्याच्या नकारामागे, माझ्या मते, दुसरेही एक कारण होते, जे त्याने बोलून दाखविले नसेल. लाकडी नांगर गावच्या सुताराने करावा, मोडला तर त्यानेच दुरुस्त करावा आणि त्याचा मोबदला खळ्यावर बलुत्याच्या रूपाने वर्षाकाठी एकदा घ्यावा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था होती. म्हणजे जुन्या नांगराच्या दुरुस्तीचा खर्च शेतकऱ्याने जणू आधीच भरून ठेवलेला होता. लोखंडी नांगरासाठी मात्र रोख पैसा मोजावा लागणार, आणि भर पेरणीच्या दिवसांत तो मोडला तर बेळगावच्या कारखान्याकडे पाहात बसावे लागणार. नव्या मालाची स्पर्धा दुसऱ्या मालाशी असते, असे नवखा व्यापारी समजतो. बहुधा ती एका बसलेल्या घडीशी असते, आणि ती घडी कोणत्याही दुकानाच्या मांडणीवर दिसत नाही.

आता त्या दोन वर्षांकडे पाहू. जमीन विषारी होते की नाही, याचा निर्णय भिंतीवरच्या अक्षरांनी होणारा नव्हता. शेजाऱ्याच्या रानात तो नांगर चालावा, पाऊस पडावा, पीक उभे राहावे, ते खळ्यात यावे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसेच यावे, तेव्हाच ती शंका फिटणार. दोन वर्षे म्हणजे दोन हंगाम. इतका काळ त्या शंकेला लागणारच होता. प्रत्येक शंकेला स्वतःची मुदत असते आणि ती पैशाने कमी होत नाही. म्हणून नव्या उद्योजकाने भांडवलाचा हिशेब करताना पहिला प्रश्न हा विचारावा की, माझ्या गिऱ्हाइकाची शंका किती दिवसांत फिटेल आणि तोवर माझा पैसा टिकेल काय? जो मनुष्य आरंभीच्या तीन महिन्यांत सारी रक्कम गाजावाजात घालवतो, त्याचे भांडवल शंकेच्या आधी संपते. लक्ष्मणरावांच्या हाती कडबा कापण्याच्या यंत्राची जोड होती, ही गोष्ट मला त्यांच्या चिकाटीइतकीच महत्त्वाची वाटते.

आणि जाहिरात? ती आली, मोठ्या थाटाने आली. पण नांगराची पत बसल्यावर. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले, ते कारखान्याचे मुखपत्र म्हणून. शंकरराव स्वतः चित्रकार, जाहिरातीची त्यांना उपजत जाण. त्यांनी हे पत्र इतके वाचनीय केले की, त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्यापाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. या तीन मासिकांवर मी एक संपूर्ण लेखांक लिहिणार आहे, तेव्हा येथे इतकेच.

गिऱ्हाइकाचा प्रत्येक नकार मात्र शिरोधार्य मानावा, असे कोणी समजू नये. आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत प्रथम शस्त्रक्रियेची उपकरणे घडविली होती. घेणाऱ्याला ती पसंत होती, परंतु त्यांवर हिंदुस्थानची मोहर नको होती. आर्देशीरांनी मोहर पुसण्याऐवजी तो धंदाच सोडला आणि १८९७ मध्ये लालबागेत कुलुपे करावयास घेतली. मालाविषयीची शंका फेडावी. करणाऱ्याचे नावच पुसू पाहणाऱ्या सौद्यापुढे नमते घेऊ नये.

आता वाळव्याच्या गृहस्थांकडे. आपले गिऱ्हाईक दुकानात मान डोलावते आणि घरी जाऊन बिथरते, याचे कारण घरीच शोधले पाहिजे. घाण्याच्या तेलाचा गाळ चार दिवसांनी तळाशी बसतो. कढईत ते फेसाळते. भाजीला शेंगदाण्याचा वास येतो. रिफाइंड तेलावर वाढलेल्या घरात या तिन्ही गोष्टी भेसळीची लक्षणे ठरतात, आणि त्या वेळी समजावयास तेथे कोणी नसते. त्यातच त्या घराचे तेल महिन्याच्या यादीत किराणा दुकानातून उधारीवर येते. आपल्याकडे येणे म्हणजे वेगळी फेरी आणि रोख रक्कम. तेव्हा फलकांचा खर्च तूर्त थांबवावा. गाळ का बसतो, हे बाटलीवरच ठळक मराठीत छापावे. पाव लिटरची लहान बाटली काढावी. तेल नेणाऱ्या पहिल्या पन्नास घरांची वही घालून आठव्या दिवशी स्वतः चौकशीस जावे आणि घरातली बाई जे बोलेल ते तिच्याच शब्दांत टिपून घ्यावे. आणि गावातल्या दोन किराणा दुकानदारांशी बोलून आपले तेल त्यांच्या मासिक यादीत घालता येते का, ते पाहावे.

किमतीचा विषय पुढील लेखांकात निश्चित घेतो. त्यासाठी याच वाचकांनी शेंगांचा खरेदीभाव, तेलाचा उतारा आणि पेंडीचे उत्पन्न यांचा तपशील कळविल्यास, त्यांच्या घाण्याच्या हिशेबावरूनच तो मांडता येईल.